रिकामं भांडं परत देऊ नये

टीव्हीवाल्या मुलीनं आजींना विचारलं, "इतकं दीर्घ आयुष्य जगण्याचं रहस्य काय?"

आजींचा त्या दिवशी एकशे दहावा वाढदिवस होता. सिॲटलमधल्या जपानी विहाराच्या हॉलमध्ये कागदी फुलं लावली होती, आणि मधल्या खुर्चीत आजी पाठ न टेकवता ताठ बसल्या होत्या. त्यांनी जपानीत एकच वाक्य म्हटलं, तेही तुटक. शेजारी बसलेली त्यांची लेक, स्वतः ऐंशीची, जराशी थांबली आणि मग गोड हसून इंग्रजीत म्हणाली, "ती म्हणते, रोज ग्रीन टी प्या आणि मनात कृतज्ञता ठेवा." टीव्हीवाली पोरगी विरघळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मागे आजींचा कोट धरून उभी होते. मला जपानी येत नाही, पण राग कुठल्याही भाषेत ओळखू येतो, तेवढा अनुभव माझ्या गाठीशी होता. गाडी सुरू केल्यावर मी लेकीला विचारलं, "मावशी, खरं काय म्हणाल्या त्या?"

मावशींनी आधी मागच्या सीटकडे एकदा वळून बघितलं. मग म्हणाल्या, "ती म्हणाली, ती बाई अजून जिवंत आहे."

मागच्या सीटवर आजी डोळे मिटून बसल्या होत्या. झोपलेल्या नव्हत्या.

मी मूळची नागपूरची. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन रेडमंडला आले. नवरा तिथल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि माझ्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती. एम.एस्सी. झालेली बाई मी, दिवसभर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पार्किंग लॉटमधला पाऊस बघायचे. तिथला पाऊस कोसळत नाही. नळ नीट बंद न केल्यासारखा महिनोन्महिने ठिबकत राहतो. बोलायला कोणी नव्हतं. कोणी मराठीत "काय गं" म्हटलं असतं तरी मी त्याच्या पाया पडले असते.

अशात एका काकूंनी आम्हाला शोधून काढलं. तिथल्या मराठी मंडळाचं सगळं त्याच बघायच्या. पुण्याच्या, खूप वर्षांपासून अमेरिकेत, टेकडीवर मोठं घर. पहिल्याच भेटीला त्यांनी बेसनाचे लाडू आणले, जाड स्टीलच्या डब्यात, झाकणावर त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. "हे माहेर समज हं," म्हणाल्या. मी समजले. मूर्ख होते.

आमच्या आडनावावरून त्यांना काही अंदाज आला नव्हता. "मूळचं गाव कुठलं म्हणालात?" असं त्यांनी दोनदा विचारलं होतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. दुसऱ्यांदा आल्या तोवर आमचं सामान आलं होतं आणि भिंतीवर फोटो लागले होते. एक बुद्धाचा आणि एक निळ्या सुटातल्या, चष्मा घातलेल्या आमच्या बापाचा. काकू बोलता बोलता थांबल्या. "अच्छा," म्हणाल्या. चहाचा कप ओठाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. मी आपली माझ्याच आनंदात. सकाळी सांबारवड्या केल्या होत्या. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि त्या वड्या मला आईसारख्या जमतात. काकूंच्या डब्यात अजून लाडू होते, म्हणून माझ्या नव्या डब्यात वड्या भरून त्यांच्या हातात दिल्या.

आठवड्याभरात माझा डबा नवऱ्याच्या हाती ऑफिसमार्गे परत आला. घासूनपुसून लख्ख. रिकामा.

आपल्या घरांत वाढलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. माझ्या आईकडे डब्यात पीठ नसायचं तेव्हासुद्धा शेजारणीची वाटी परत जाताना तिच्यात गुळाचा खडा असायचा. काहीच नसेल तर चिमूटभर साखर. भांडं रिकामं परत देऊ नये, हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं. तरी मी स्वतःची समजूत घातली की अमेरिकेत राहून विसरल्या असतील बिचाऱ्या. नवरा म्हणाला, "अगं, बिझी असतात लोक इकडे. एवढं सीरियसली नको घेऊ यार."

मग मंडळाची पिकनिक झाली. काकूंची मुलगी, पाचवीतली वगैरे, माझ्या शेजारी बसून चिप्स खात होती. मी सहज विचारलं, "वड्या आवडल्या का गं तुला?"

"मॉम थ्रू देम आउट," ती म्हणाली. "शी सेड वुई डोन्ट ईट फ्रॉम देम."

पोर खोटं बोलत नव्हती. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं, म्हणून तर ते इतकं जिव्हारी लागलं. नवऱ्यानंही ते ऐकलं. घरी पोचल्यावर तो म्हणाला, "सोडून दे."

मी सोडलं नाही. काकूंचा लाडवांचा डबा माझ्याकडेच राहिला होता. तो घासून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला, येता-जाता दिसेल असा. त्याचं काय करायचं ते मात्र ठरेना. भरून पाठवला तर मी लाचार. रिकामा पाठवला तर मी त्यांच्याच पंक्तीला बसले. ठेवून घेतला तर वर चोर ठरणार. रोज सकाळी चहा करताना त्या झाकणावरचं नाव वाचायचे आणि पित्त खवळायचं.

त्याच हिवाळ्यात फोनच्या जाड पुस्तकात विहार शोधला आणि दोन बस बदलून सिॲटलला गेले. आत गेले तर चर्चसारखे बाक, एक बाई ऑर्गन वाजवतेय, सगळे जपानी, कोटाबिटातले. वाटलं, चुकले. तेवढ्यात सगळे उभे राहिले आणि पालीत त्रिसरण म्हणू लागले. चाल निराळी, उच्चार निराळे, पण शब्द तेच, जे मी वस्तीतल्या विहारात सतरंजीवर मांडी घालून शिकले होते. मला हुंदका आवरेना. पुढच्या बाकावरून एक सुरकुतलेली बाई मागे वळली आणि मला काहीतरी खडसावून बोलली. तिच्याजवळच्या दुसऱ्या म्हातारीनं ओशाळून भाषांतर केलं, "माफ करा, माझी आई म्हणते, रडायचं तर बाहेर जा, नाहीतर मोठ्यानं म्हणा."

मी मोठ्यानं म्हटलं. आजींची आणि माझी ओळख ही अशी झाली.

त्याच सुमारास डोळ्यांमुळे मावशींचं ड्रायव्हिंग लायसन्स काढून घेतलं होतं, आणि मी नुकतीच ड्राइव्ह करायला शिकले होते. त्यामुळे रविवारी विहार आणि बुधवारी डॉक्टर, बाजार, जे काही असेल ते, हे माझ्याकडे आलं. मला काम मिळालं. पगार नव्हता, पण सकाळी उठून केस विंचरायला कारण मिळालं.

लोकांना वाटतं, इतकी जुनी माणसं म्हणजे शांत, क्षमाशील, कापसासारखी. आजी तशा नव्हत्या. सकाळी थंड पाण्यानं तोंड धुवायच्या, मग हातात झाडू घेऊन घरापुढचा रस्ता झाडायच्या, शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत बरोब्बर, एक पानसुद्धा पुढचं नाही. मग तांदळाची पातळ पेज आणि तिच्यात मिठात मुरवलेला एक आंबट प्लम, बोराएवढा. पोट भरत आलं की भांडं बाजूला. कितीही आग्रह करा, पुढचा घास नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक मातीचं बुटकं भांडं होतं, त्यात भाताचा कोंडा आणि मीठ कालवून ओलसर मातीसारखं केलेलं. त्यात मुळे, काकड्या पुरायच्या, दुसऱ्या दिवशी लोणचं तयार. तो कोंडा रोज हातानं तळापासून ढवळावा लागतो, नाहीतर सडतो. आजी बाह्या वर करून कोपरापर्यंत हात घालायच्या. ते काम त्यांनी लेकीलाही कधी करू दिलं नाही.

मग मावशींनी भिंग धरून पेपरातलं निधनाचं पान वाचून दाखवायचं. आजी डोळे मिटून ऐकायच्या आणि शेवटी एकच प्रश्न विचारायच्या. मावशी मान हलवून नाही म्हणायच्या. मग आजी दुपारच्या झोपेला जायच्या, समाधानानं.

मी बुधवारी जाताना काहीतरी करून न्यायचे, कधी पोहे, कधी भाताची खिचडी. आणि दर वेळी माझा डबा परत येताना त्यात काहीतरी असायचं. दोन रताळी. संत्री. एकदा घरात काहीच नव्हतं, तर आजींनी अंगणातल्या झुडपाची दोन हिरवी पानं धुऊन, पुसून आत ठेवली आणि झाकण लावलं. मी हसले. मावशी म्हणाल्या, "हसू नकोस. रिकामं भांडं परत दिलं तर तिला झोप येणार नाही. आमच्यात तसं करत नाहीत."

"आमच्यातही करत नाहीत," मी म्हटलं, आणि माझा आवाज असा काही चिरकला की दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मग मी सगळं सांगितलं. लाडू, फोटो, सांबारवड्या, पिकनिक. मावशी भाषांतर करता करता रडकुंडीला आल्या. आजींनी मला जवळबिवळ घेतलं नाही. शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "तिचा डबा कुठे आहे?"

"माझ्याकडे."

"चांगलं," आजी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला आपल्या हातानं चहा ओतून दिला.

त्यांची हकीकत मला कळली ती माझ्याच पार्किंग लॉटमध्ये. एकदा पावसानं रस्ता अडला म्हणून मी त्या दोघींना आमच्या घरी चहाला नेलं. गाडीतून उतरल्यावर आजी आत येईनात. काठी टेकत त्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यांपाशी गेल्या, काठीनं डांबर ठोकलं आणि म्हणाल्या, "विहीर." मग हात फिरवून सगळी अपार्टमेंट्स, टेनिस कोर्ट, माझी तिसऱ्या मजल्याची खिडकी दाखवली आणि म्हणाल्या, "स्ट्रॉबेरी."

मी ज्या जमिनीवर राहत होते, ती त्यांची होती.

नवऱ्याबरोबर त्यांनी तिथली जंगलातली खोडं उपटून शेत केलं होतं. जपानहून आलेल्यांना तेव्हा जमीन घेता येत नसे, म्हणून कागदोपत्री ती अमेरिकेत जन्मलेल्या मावशींच्या नावावर होती. बांधाला बांध लागून एक तरुण गोरं जोडपं राहायचं. मग जपानशी लढाई सुरू झाली आणि सरकारनं या लोकांना, दोन हातांत मावेल तेवढं सामान घेऊन, तारेच्या कुंपणातल्या छावण्यांत नेलं. शेत तयार होतं, फळ लाल व्हायला आलं होतं. शेजारी म्हणाला, मी सांभाळतो, फक्त इथे सही करा. मावशींनी सही केली. निघायच्या सकाळी त्याची बायको निळी कड असलेल्या एनॅमलच्या पांढऱ्या ताटलीत 'पाय', म्हणजे आत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आली. रडलीसुद्धा. आजींनी तिचे हात धरून सांगितलं, ताटली परत आणून देईन.

ती ताटली छावणीत गेली. वाळवंटातल्या धुळीत त्या तिच्यातून जेवल्या. आजींचे यजमान तिथेच वारले. लढाई संपल्यावर माय-लेकी परत आल्या, तेव्हा कागदावर मालक शेजारी होता. आजी ताटली घेऊन त्यांच्या दारात गेल्या. पडदा हलला, दार उघडलं नाही. पुढे त्या जोडप्यानं जमीन बिल्डरला विकली आणि दूर दक्षिणेकडच्या उबदार राज्यात राहायला गेलं. नवरा तिकडे मेला. "तो माझ्या हातून सुटला," आजी म्हणाल्या. बाई राहिली होती. पेपरातल्या निधनाच्या पानावर आजी रोज जिचं नाव विचारायच्या ती हीच.

"पोस्टानं का नाही पाठवली?" मी विचारलं.

आजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी मूर्ख आहे हे मला पुन्हा एकदा पटलं. अशी गोष्ट हातात द्यायची असते. चार लोकांसमोर, घासून, पुसून, रिकामी. म्हणजे मग समोरच्याला कळतं की त्यानं केलेलं कोणी विसरलेलं नाही, आणि दोघांमधली सोयरीक आता संपली. तेवढं होईपर्यंत मरायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पेज, प्लम, झाडू, अर्ध्या भुकेचं जेवण, सगळं त्यासाठी चाललं होतं.

आमच्या धम्मात वैराबद्दल काय सांगितलं आहे ते मला पाठ आहे. आजींनाही पाठ होतं. दर रविवारी आम्ही दोघी हात जोडून ते ऐकायचो आणि बुधवारी स्वयंपाकघरात बसून आपापल्या बाईला शिव्या घालायचो. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही आणि आजही वाटत नाही. इतरांनी अपमान गिळायचा सल्ला फुकट दिलेला असतो. गिळायला लागतं ते आपल्याला.

तर एकशे दहाव्या वाढदिवसाची बातमी टीव्हीवर झळकली, आणि काही महिन्यांनी विहारात फोन आला. एक वृद्ध बाई परत सिॲटलजवळ, मुलाच्या घराशेजारच्या एका वृद्धाश्रमात राहायला आली होती. तिनं बातमी बघितली होती. ती म्हणाली, अहो, मी ओळखते त्यांना, आम्ही शेजारी होतो! पुढच्या वाढदिवसाला मी आले तर चालेल का?

मावशींना ते टाळायचं होतं. "आईचं वय बघ," मला म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "सही माझी होती गं." इतकी वर्षं त्या आईचं प्रत्येक वाक्य गोड करून जगाला का सांगत आल्या, ते मला त्या क्षणी कळलं. पण आजींना विहारातल्या कोणीतरी आधीच सांगून टाकलं होतं. आजींनी लगेच ताटली मागितली आणि राखेनं घासायला बसल्या. निळी कड दोन ठिकाणी उडाली होती.

एकशे अकराव्या वाढदिवसाला हॉल भरला. फिक्या जांभळ्या कोटातली एक गोरी बाई वॉकर ढकलत आली, पावडर लावलेली, हसरी. तिनं माइक मागून घेतला. "आम्ही किती चांगले शेजारी होतो! ते गेले त्या सकाळी मी त्यांच्यासाठी फळांचा पाय भाजला होता. त्यांच्या मागे आम्हीच ती जमीन सांभाळली." लोकांचे डोळे पाणावले.  चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण त्या बाईच्या आवाजात बोंब नव्हती. तिचा त्यावर खरोखर विश्वास होता.

आजी उभ्या राहिल्या. काठीशिवाय. आठवडाभर त्या मावशींच्या खांद्याला धरून उभं राहायचा सराव करत होत्या, मला माहीत होतं. मावशींनी कापडाची गाठ सोडून ताटली त्यांच्या हातात दिली. आजींनी ती दोन्ही हातांत धरली, छातीपाशी नेली आणि पुढे केली. पांढरी, लख्ख, रिकामी. हॉलमधल्या जुन्या जपानी बायकांनी खाली मांडीवर नजर वळवली. त्यांना कळलं होतं. 

गोऱ्या बाईनं ताटलीकडे बघितलं. तोंडावर हात नेला. "ओ माय गॉड," ती किंचाळली, "माझी पाय-डिश! हिनं माझी डिश इतकी वर्षं जपून ठेवली!" आणि तिनं रडत रडत आजींना मिठी मारली.

हॉल टाळ्यांनी दणाणला. कॅमेरा जवळ आला. तिच्या जांभळ्या खांद्यावरून मला आजींचं तोंड दिसत होतं. हात दोन्ही बाजूंना सरळ लोंबत होते. अर्ध्या शतकाहून जास्त काळ धार लावलेली गोष्ट त्यांनी नेमकी छातीत मारली होती, आणि समोरच्या बाईला ती भेट वाटली होती. पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, दोघी मैत्रिणी म्हणून.

 घरी पोचल्यावर आजींनी दारात उभं राहून मूठभर मीठ बाहेर भिरकावलं. नको असलेला माणूस भेटला की त्यांच्यात तसं करतात. मग खुर्चीत बसून माझ्याकडे बोट दाखवलं आणि बराच वेळ बोलल्या. मावशी भाषांतर करेनात. आजींनी टेबलावर थाप मारली. मावशींनी मग पहिल्यांदाच, मला वाटतं, आईचे शब्द आहेत तसे दिले.

"ती म्हणते, तुझी बाई तुझ्याच देशाची आहे. तिला कळेल. मी उगाच थांबले. तिकडच्यांत ज्यांना कळलं असतं ते सगळे आधी मेले. तू थांबू नकोस."

त्या दिवाळीला काकूंकडे मंडळातल्या बायकांचा फराळ होता. आमंत्रण आम्हालाही होतं. न बोलावणं उघड दिसलं असतं, आणि काकू उघड काही करत नसत. मी चांगली साडी नेसले. फळीवरचा डबा काढला, चिंचेनं घासला, कोरडा पुसला. नवऱ्यानं दारात विचारलं, "काय करायला निघालीस?" मी म्हटलं, "डबा द्यायला." तो माझ्याकडे, मग डब्याकडे बघत राहिला. त्यानं गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. या वेळी सोडून दे म्हणाला नाही.

काकूंच्या स्वयंपाकघरात दहा-बारा बायका होत्या, ओट्यावर चकल्या, शंकरपाळे, चिवडा. काकू म्हणाल्या, "अगबाई, ये ना! किती दिवसांनी!" मी दोन्ही हातांनी डबा पुढे केला, आजींसारखा. "काकू, तुमचा डबा. राहिलाच होता माझ्याकडे."

त्यांनी तो घेतला. वजन कळायला एक क्षण लागला. हात जड डब्यासाठी तयार होता, तो हलकेपणानं जरा वर उचलला गेला. दुसरी एक बाई हसत पुढे आली, "काय आणलंय बघू!" आणि तिनंच झाकण काढलं. "अय्या, रिकामा?"

सगळ्या बघायला लागल्या. कोणाला काही कळलं नव्हतं, आणि काकूंना सगळं कळलं होतं. आधी कान लाल झाले, मग मान. नजर वर आली ती थेट माझ्या डोळ्यांत, आणि तिथे मला त्या टाकून दिलेल्या सांबारवड्या स्पष्ट दिसल्या. इतके दिवस त्यांना वाटत असणार की ते मला माहीत नाही. फ्रिजपाशी त्यांची मुलगी उभी होती, तिनं चकली चावायची थांबवली.

"असू दे, असू दे," काकू म्हणाल्या.  "विसरली असशील घाईत."

"नाही काकू," मी म्हटलं. "विसरले नाही. तुमच्याकडूनच शिकले."

मी एक चकलीसुद्धा उचलली नाही. बाहेर येऊन गाडीत बसले तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की मी एकटीच मोठ्यानं हसले.

बुधवारी आजींना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "कळलं तिला?"

"कळलं."

"कुठून लाल झाली?"

"कानापासून."

आजींनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग परत. झाकण उघडणाऱ्या बाईपाशी त्या दर वेळी टाळी वाजवायच्या, लहान मुलीसारखी. त्या दिवशी त्यांनी पोटभर पेज खाल्ली, अगदी भांडं निपटून. मावशी घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. इतक्या वर्षांत आईला पोटभर जेवताना त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यानंतर निधनाचं पान वाचायचं बंद झालं. झाडूही भिंतीला टेकून राहिला. हिवाळा सरता सरता आजी झोपेतच गेल्या. ती गोरी बाई तेव्हाही जिवंत होती, आणि आजींनी तिच्याबद्दल विचारलं नव्हतं.

विहारात त्रिसरण झालं, तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं. दारात तीच टीव्हीवाली मुलगी उभी होती. तिनं मावशींना विचारलं, त्यांच्या दीर्घायुष्याचं रहस्य काय होतं? मावशींनी माझ्याकडे बघितलं. "ग्रीन टी," त्या म्हणाल्या.

मग त्या मला पार्किंगमध्ये घेऊन गेल्या. त्यांच्या हातात कापडात बांधलेला माझा डबा होता, शेवटच्या बुधवारी मी खिचडी नेली होती तो. "आईनं स्वतः बांधून ठेवला होता," मावशी म्हणाल्या. "मला उघडू दिला नाही." आत काय आहे ते मी घरी जाऊन पाहिलं, मिठात मुरलेले प्लम, काठोकाठ. पण डबा हातात घेतला तेव्हाच मला कळलं होतं. जड होता.